प्रत्यारोपण आणि घरातल्यांची मनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या नवऱ्याला त्याच्या आईची किडनी बसवली, त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही परभणी जिल्ह्यातले. ऑपरेशनच्या आधी दीड वर्ष आठवड्यातून तीन फेऱ्या डायलिसिसच्या. तो चार तास आत, मी बाहेरच्या बाकड्यावर. त्या बाकड्यावर भेटलेल्या बायकांनी माझा नंबर पुढे दिला आणि आता हिंगोली, नांदेड, बीडकडून फोन येतात. औषधाचं, ऑपरेशनचं डॉक्टरांनाच विचारा, मी तसं सांगते. पण फोन ठेवता ठेवता जो खरा प्रश्न येतो तो मनातला असतो, आणि तो डॉक्टरांपुढे कुणी काढत नाही. ते प्रश्न इथे लिहिले आहेत. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

माझा रक्तगट जुळला नाही हे कळल्यावर मला हायसं वाटलं. मी वाईट आहे का?

मलाही वाटलं होतं. नवऱ्याचा गट ओ, माझा बी. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो घडी घालून पिशवीत ठेवला, बाहेर येऊन रसवंतीवर एक ग्लास रस प्यायले आणि मग रडले. कशासाठी रडले हे तेव्हा कळलं नाही. आपण सुटलो म्हणून, की सुटल्याचा आनंद झाला म्हणून?

नंतर डॉक्टरांनी अदलाबदलीचं सांगितलं. आपली किडनी दुसऱ्या घरच्या रुग्णाला आणि त्यांची आपल्याला. कायद्यात याला २०११च्या दुरुस्तीपासून मुभा आहे. ते ऐकून परत पोटात गोळा आला. ओ गटाला ओ गटाचाच दाता लागतो, त्यामुळे आमच्यासारख्या घराला जोडी मिळणं अवघड, हेही त्यांनीच सांगितलं. परत तेच, हायसं वाटणं.

आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा गट ओ निघाला. त्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या. “माझंच लेकरू हाय ते. त्यात काय इचारायचं?” एवढं बोलून त्या शेंगा फोडत बसल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

जीव लावणं आणि भीती वाटणं एकाच पोटात राहतं. माझी लहान मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. दोघंही आई-बाप एकाच दिवशी टेबलावर, हा विचार कुणालाही घाबरवेल. तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असेल तर ते निदान एका माणसाला बोलून दाखवा. मी चार वर्षांनी आत्याबाईंनाच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला ठावं होतं.”

सख्खा भाऊ नाही म्हणाला. त्याच्याशी आता कसं बोलायचं?

पहिल्यांदा एक समजून घ्या : अवयव देणं हा कुणाचाही हक्काचा वाटा नाही, शेताच्या वाटणीसारखा. डॉक्टरही मनाविरुद्ध घेत नाहीत. देणाऱ्याची एकट्याची मुलाखत होते, त्याला ऑपरेशनच्या सकाळपर्यंत मागे फिरता येतं.

पण राग येणारच. तो येऊ द्या. फक्त तो दिवाळीला, लग्नात, चारचौघांत काढू नका. मी एका घरात पाहिलं, दोन भावांचं बोलणं बंद झालं, आणि आजारी भावाला किडनी मिळून तो बरा झाल्यावरही ते बंदच राहिलं. नाही म्हणणारा भाऊ रात्री-अपरात्री मला फोन करायचा. त्याच्या बायकोने मुलांची शपथ घातली होती. हे त्याने सख्ख्या भावाला कधीच सांगितलं नाही. बायकोचं नाव पुढे येईल म्हणून स्वतःवर घेतलं.

ज्याला द्यायची नाही त्याच्यासाठीही एक वाट आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी किंवा समन्वयकाशी (दवाखान्यात प्रत्यारोपणाची जुळवाजुळव बघणारा माणूस) एकट्याने बोला आणि मन नाही हे स्पष्ट सांगा. “हा दाता चालत नाही” एवढंच घरच्यांना कळतं. मला यात काही खोटेपणा वाटत नाही.

सगळे म्हणतात बायकोनेच द्यावी. आई, बहीण, बायको, हेच का पुढे?

हे सगळीकडेच असं आहे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मोठा वाटा बायकांचा आणि घेणाऱ्यांत मोठा वाटा पुरुषांचा. याचं कारण शरीरात नाही, घरात आहे. “तो कमावता आहे” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी विचारते, कापूस कोण वेचतं? सोयाबीनमधलं खुरपणं कोण करतं? म्हशीचं कोण बघतं?

आत्याबाईंनी मनापासून दिली, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या दोन धाकट्या मुलांची साधी रक्ततपासणीही झाली नाही, कुणी म्हणालंच नाही. हे मला आजही टोचतं आणि ते मी घरात बोलून दाखवते.

मुलीला द्यायची इच्छा असते आणि सासरचे आडवे येतात, असंही होतं. बापासाठी तयार असलेली एक मुलगी म्हणाली, “मला माझ्याच अंगासाठी परवानगी मागावी लागतेय.” अशा वेळी सासरच्यांना डॉक्टरांसमोर बसवा. एक किडनी दिल्यावर उरलेली जास्त काम करू लागते, दाता पुढे शेतातलं काम करू शकतो, मूल होऊ शकतं (त्या बाळंतपणात जास्त लक्ष ठेवावं लागतं), हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. आपल्या तोंडून ते पटत नाही.

कायद्याने घरातलं कोण देऊ शकतं?

नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. यांच्याबाहेरचा कुणी असेल, अगदी चुलतभाऊ किंवा मेहुणा, तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. देण्यामागे पैसा नाही ना, हे ती पाहते.

आईने किडनी दिली. आता मुलगा तिच्याशी नीट बोलतच नाही. उलटं कसं झालं?

आमच्याकडेही झालं. घरी आल्यावर दोन-तीन महिने नवरा आईच्या खोलीत जायचा नाही. तिने पाणी मागितलं तरी मला हाक मारायचा. मला वाटायचं, केवढा कृतघ्न माणूस. एकदा तो रागाने बोलला ते असं : “तिच्यासमोर गेलो की तिच्या कमरेकडे बघतो मी. काय बोलू?”

एवढं मोठं घेणं फिटत नाही हे ज्याला कळतं तो असा दूर पळतो. त्यात पाहुणे भर घालतात. येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून “आईनं दुसऱ्यांदा जन्म दिला बाबा” म्हणतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणाऱ्याला दरवेळी व्याज भरल्यासारखं होतं. मी शेवटी पाहुण्यांना दारातच सांगायला लागले, तेवढं एक वाक्य बोलू नका.

देणाऱ्याचंही मन एकसारखं नसतं. ऑपरेशननंतर सगळं घर घेणाऱ्याभोवती फिरतं. त्याची खोली वेगळी, त्याचं ताट वेगळं, त्याच्या लघवीचं माप वहीत. देणारी कोपऱ्यात टाके सांभाळत बसते, आणि चार दिवसांत तिला चहा टाकायला सांगणारेही असतात. त्या दिवसांत आत्याबाई विनाकारण रडायच्या. “काय दुखतंय?” म्हटलं तर “काहीच नाही.” त्यांच्यासाठी आम्ही काही विशेष केलं नाही. त्यांच्या बहिणीला पंधरा दिवस आणून ठेवलं, एवढंच सुचलं, आणि तेच उपयोगी पडलं.

मायलेकाचं बोलणं परत सुरू झालं ते भांडणाने. पेरणीला ट्रॅक्टर भाड्याने लावायचा की बैलं, यावरून. मला इतका आनंद झाला.

घरी आल्यापासून माणूस खूप चिडतो, रात्र-रात्र जागा असतो. स्वभावच बदलला?

आधी डॉक्टरांना सांगा. नवीन अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या असतात, त्यांतल्या स्टेरॉइडने झोप उडते, भूक वाढते, चिडचिड होते, तोंड गोल दिसायला लागतं. त्यांतल्याच टॅक्रोलिमस नावाच्या गोळीने हात थरथरतात. डोस हळूहळू कमी केला जातो तसं बरंच निवळतं. मनाने गोळ्या कमी मात्र करू नका, कधीच.

गोळ्यांच्या पलीकडेही कारणं असतात. शेतकरी माणसाला धूळ, शेणखत, गोठा यांपासून लांब राहा म्हणतात, कारण गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असते आणि मातीतल्या बुरशीचाही संसर्ग होऊ शकतो. पोळ्याला माझा नवरा ओट्यावर तोंडाला मास्क लावून बसला होता आणि बैलांना पुतण्याने सजवलं. त्या दिवशी तो जेवला नाही. जीव वाचला हे खरं, आणि पहिल्यासारखं काही राहिलं नाही हेही खरं. त्याला “वाचलास ना, मग झालं” असं आम्ही म्हणत होतो. तसं म्हणायला नको होतं.

आमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. आम्ही कुणाच्या तरी मरणाची वाट बघतोय का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज नेहमी खाली जातो. एक बाप म्हणाला, मोटारसायकलवरून विनाहेल्मेट जाणारा पोरगा दिसला की माझ्या मनात काय येतं ते मी देवालाही सांगू शकत नाही.

तुमच्या वाट बघण्याने कुणी मरत नाही. तो अपघात तुमचं नाव यादीत असो वा नसो, झालाच असता. तुम्ही वाट बघता ती पुढच्या गोष्टीची : एवढ्या दुःखात त्या घरातलं कुणीतरी ‘हो’ म्हणेल, याची. रांगेत तुमच्या पुढचा नंबर लागला तर मत्सरही वाटतो. बाकड्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या मुलाला फोन आला, आम्ही दोघी गळ्यात पडून हसलो, आणि ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसले.

कामाचं तेवढं सांगते. महाराष्ट्रात ही यादी विभागवार चालते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. नोंद रुग्णालयामार्फत होते. नांदेडकडचे बरेच जण हैदराबादला जातात, तिथली यादी वेगळी. २०२३पासून अधिवासाची अट काढली आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातही नोंदणी करता येते. फोन रात्री दोनलाही येतो, म्हणून गाडीची सोय आणि थोडे पैसे तयार ठेवा. बोलावून घेऊन, तपासून, “आज नाही” म्हणून परत पाठवणंही होतं, कारण एका अवयवासाठी कधी कधी दोघा-तिघांना बोलावून ठेवतात. त्या परतीच्या रस्त्याला कुणीतरी सोबत असू द्या.

डॉक्टर ‘ब्रेन डेड’ म्हणतात. पण अंग गरम आहे, छाती हलतेय. आम्ही कसं मानायचं?

इथून पुढचे प्रश्न दुसऱ्या बाजूच्या घरांचे आहेत. मी त्या बाजूला उभी राहिलेली नाही. पण अशा काही घरांनी मला घरात बसवून घेतलं, म्हणून लिहायचं धाडस करते.

डोळ्यांना जे दिसतं ते असं होतं : श्वास चालवणारी जागा मेंदूच्या देठात असते. ती कायमची बंद पडली की माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. यंत्र हवा आत ढकलतं म्हणून छाती हलते. हृदयाचे ठोके मात्र हृदयातच तयार होतात. प्राणवायू मिळत राहिला तर ते काही काळ चालू राहतं, म्हणून अंग गरम. कोमातला माणूस परत येऊ शकतो. मेंदूचं देठ मेल्यावर कुणी परत येत नाही.

१९९४च्या कायद्याप्रमाणे हे चार डॉक्टरांनी ठरवायचं असतं आणि तपासण्या दोनदा, मध्ये निदान सहा तास सोडून. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या चौघांत नसतात. डोळ्यांत उजेड टाकणं, घशात नळीने खोकला येतो का पाहणं, आणि शेवटी यंत्र थोडा वेळ बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का पाहणं. तुम्हाला समजावून सांगा म्हणा. दोनदा विचारा, चारदा विचारा. रडत विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून घरातल्या एकाने कागदावर लिहून घ्यावं.

हे सगळं समजूनही आईचं मन मानत नाही. धाराशिवकडची एक आई म्हणाली, “समजलं सगळं. पण पायाला हात लावला तर पाय गरम होता.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी नुसती बसून राहिले.

घरात दोन मतं आहेत. वेळ थोडा आहे. कुणाचं ऐकायचं?

सही जवळच्या नातेवाइकाची लागते. त्या माणसाने अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं तरी घरच्यांना विचारलं जातंच. अडचण अशी की आपल्याकडे दवाखान्याबाहेर चाळीस माणसं जमतात आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणारा बहुधा सगळ्यांत लांबचा असतो. पाच जण निवडा, एका खोलीत बसा, दार लावा. बायकोला आत घ्या; तिला बाहेर रडत ठेवून आत निर्णय होताना मी ऐकलं आहे, आणि नंतर वर्षानुवर्षं तिच्या मनात तेच राहतं.

“तो असता तर काय म्हणाला असता?” हा प्रश्न बहुतेक घरांत उपयोगी पडला. गावात रक्तदान करणारा, कुणाच्याही शेतात हाकेला धावणारा पोरगा असेल तर घर लवकर ठरवतं. त्याचं मन माहीत नसेल तर ठरवणं जड जातं. दधीची ऋषींची गोष्ट अशा वेळी कुणीतरी काढतंच. ती मला तिथे आवडत नाही. दधीचींनी स्वतःच्या अस्थी दिल्या. इथे आई-बापाला लेकराचं द्यायचं असतं, ते कितीतरी कठीण.

नाही म्हटलं तर?

तर नाही. कुणी जाब विचारू शकत नाही, आणि नंतर कुणी त्या घराला नावं ठेवू नयेत.

गाव मातीसाठी थांबलंय. किती वेळ लागेल? देह नीट मिळेल का?

होकारानंतर तपासण्या, यादी, दुसऱ्या शहरातून येणारी पथकं, यांत बहुधा एखादा दिवस जातो. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनही असतं. हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांत बसवावं लागतं, म्हणून ते वाहतूक थांबवून विमानतळावर नेतात. मूत्रपिंडांना जास्त वेळ मिळतो. देह टाके घालून, स्वच्छ करून परत देतात. अंघोळ घालता येते, नवे कपडे घालता येतात, दहावा-तेरावा सगळं रीतीप्रमाणे होतं.

खरा जाच फोनचा असतो. “माती कधी हाय?” दर पाच मिनिटांनी. सगळ्या गावासाठी एकच माणूस नेमा, त्याच्याकडेच सगळे फोन जाऊ द्या.

पुढच्या जन्मी तो अवयव नसतो म्हणतात.

चितेवर सगळाच देह जातो. डोळे जळाले म्हणून कुणी आंधळं जन्माला येतं असं आपण म्हणत नाही. तरी मनात राहत असेल तर तुमच्या गावातल्या महाराजांशी बोला, मुस्लिम घर असेल तर तुमच्या मौलानांशी. धर्माचं ओझं हलकं करायचं काम त्यांनीच केलेलं बरं.

पैसे मिळतात का? आम्हाला भरावे लागतात का?

दोन्ही नाही. अवयवाचा व्यवहार केला तर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. होकारानंतर अवयव जपण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या घरावर टाकायचा नसतो. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र वेगळं, ते आधीच विचारून घ्या. घेणाऱ्या घराला किडनीच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते. दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा.

माझ्या मुलाचं हृदय कुणाला बसवलं? मला एकदा कानाने ऐकायचंय.

नावं दोन्ही बाजूंना सांगत नाहीत, तसा नियम आहे. समन्वयकाला विचारलं तर अवयव चांगले चालले का, एवढं बहुतेक वेळा कळतं. नियमामागे कारण आहे. देणारं घर घेणाऱ्यात आपला मुलगा शोधायला लागतं, आणि घेणारा आयुष्यभर त्या घराच्या डोळ्यांसमोर दबून राहतो. माझ्या घरात देणारी आणि घेणारा एका छपराखाली होते, म्हणून मला हे नीट कळतं.

तरीही ही ओढ मला चुकीची वाटत नाही. आईने आणखी काय मागायचं? ज्यांना अवयव मिळाला त्यांनी नाव न लिहिता एक पत्र समन्वयकाकडे देऊन बघावं. पोचेल की नाही ते नंतर पाहू. आम्हाला घरातूनच मिळाली म्हणून मला ते लिहावं लागलं नाही, पण बाकड्यावरच्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

आम्ही हो म्हटलं. सगळ्यांनी सत्कार केला. आणि आता मला पस्तावा होतोय.

तेराव्यापर्यंत माणसं असतात. सहाव्या महिन्यात, पहिल्या सणाला कुणी नसतं, आणि तेव्हा हे वर येतं : आपण घाई केली का? अजून थांबलो असतो तर? सत्कारात मिळालेली शाल एका आईने ट्रंकेत तळाशी ठेवली आहे. ती म्हणते, फेकवतही नाही, अंगावर घेववतही नाही.

तुमच्या होकारामुळे तो गेला नाही. तपासण्या झाल्या, तेव्हाच तो गेला होता. कागदपत्रांच्या प्रती मागून घ्या, वेळा लिहिलेल्या असतात. ज्या डॉक्टरांनी सांगितलं त्यांना परत भेटा. काही घरांना त्या वेळा वाचून बरं वाटलं. झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. ‘वेड लागलं’ म्हणून तिथे जात नाहीत, दुःखाचं औषधही तिथे मिळतं.

आईची किडनी सात वर्षांत फेल झाली. आता तिच्या समोर कसा जाऊ?

जिवंत दात्याची किडनी सरासरीने जास्त टिकते, पण कुणाची किती टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. गोळ्या वेळेवर घेऊनही कधी कधी शरीर हळूहळू ती नाकारतं. गोळ्या चुकल्या असतील तर तेही डॉक्टरांना खरं सांगा, पुढच्या उपचाराला उपयोगी पडतं. आणि आईला जाऊन भेटा. तिने सात वर्षं दिली. ती सात वर्षं तुम्ही घरात होता, पोराला शाळेत सोडत होता.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं, थोडं थोडं. माझ्या मुलीला आम्ही “आजी गावाला गेली” म्हणून सांगितलं होतं. आजी टाके घेऊन परत आली तेव्हा ती आमच्यावर किती दिवस रुसली होती. पोटाला हात लावू द्यायची नाही कुणाला. तिला वाटलं होतं आता तिची पाळी.

देणाऱ्याने पुढे काय जपायचं?

वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) तपासायचं. मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. आपल्याकडे अंग दुखलं की मेडिकलवरून आणायची सवय असते, ती मोडावी लागते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अवयव दिल्यावर ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. शेतात राबणाऱ्या बाईला रजा घरानेच द्यायची.

घेणाऱ्याची तपासणी कुणी विसरत नाही, देणाऱ्याची सगळे विसरतात. आम्ही दोन वर्षं विसरलो होतो. आता नवऱ्याच्या फाईलमागेच आत्याबाईंची फाईल बांधलेली असते आणि दोघं एकाच एसटीने जातात. खिडकीची जागा कुणाला, यावर स्टँडपासून वाद चालतो.

अवयवदानाचा राष्ट्रीय मदत क्रमांक १८०० ११ ४७७०. मरणोत्तर दानाची नोंदणी आधार जोडून ऑनलाइन करता येते. केलीत तर त्याच दिवशी घरात जेवताना सांगून टाका.